पहिला काप

सिद्रामकाकांनी मातीची पहिली पाटी मागाच्या खड्ड्यात ओतली, तेव्हा माझे वडील, अण्णा, त्यांच्या दारात उभे होते. ते आत गेले, खाली वाकून ओतलेली माती दोन्ही हातांनी परत पाटीत भरली आणि पाटी बाहेर अंगणात नेऊन ठेवली.

"दादा, ल्हान पोरागत करू नका," सिद्रामकाका म्हणाले. "सोमवारी पुण्याला निघायचंय. मेव्हण्यानं वॉचमनची जागा बघून ठिवलीय. खड्डा उघडा टाकून जाऊ का? शेरडं पडत्याल त्यात."

"रविवारपतुर थांब."

"रविवारी काय आभाळातनं पडणार हाय?"

"पुण्याच्या बाई येणार हायेत. कस्तुरानं कागद केलेत."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "कस्तुरे, खरं सांग. देत्याल का ते?"

"नमुने पसंत पडले तर देतील," मी म्हणाले.

"आन न्हाई पडले तर?"

मी अण्णांकडं पाहिलं. ते हाताची माती धोतराला पुसत होते.

सांगोल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर आत आमची सणगर गल्ली आहे. धनगरांकडून लोकर घ्यायची आणि घोंगड्या विणायच्या, हे आमचं काम. माग जमिनीलगत असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायांनी फळ्या दाबत विणतो. माझ्या लहानपणी गल्लीत चौदा माग होते. एखाद्यानं विणणं सोडलं की तो खड्डा बुजवायचा, वरून सारवायचा आणि त्यावर बाज टाकायचा. मी सांगते त्या वर्षी पाच माग उरले होते, आणि सिद्रामकाका गेले असते तर त्यांच्या मागोमाग आणखी दोघं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

मी तेव्हा सोलापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तिथं येणाऱ्या एका मासिकात मी ती सूचना वाचली. पुण्यातला एक न्यास गावाकडच्या लहान उद्योगांना अनुदान देत होता. ज्यांच्या हातात कसब आहे, पण ज्यांचा माल तालुक्याच्या बाजाराबाहेर जात नाही, अशांना. रक्कम फार नव्हती, तरी लोकर पिंजायचं यंत्र आणि पुण्याच्या प्रदर्शनात दोन वर्षं एक गाळा, एवढं त्यात बसत होतं. मी अण्णांच्या विणकर मंडळाच्या नावानं बारा पानांचा अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता : शहरातला ग्राहक तुमची वस्तू का घेईल? ती जागा मी तीन दिवस कोरी ठेवली होती.

अण्णांनी नमुने म्हणून दोन वस्तू विणल्या होत्या. एक चौकोनी आसन आणि एक लांबट, अरुंद पट्टी, व्यायामाला अंथरायची. दोन्ही मागावरच मापात विणलेल्या. शुक्रवारी गावी निघण्याआधी मी न्यासाच्या वर्तक मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या होत्या, "आसनं छानच असतील. पण आसनं आमच्याकडं दोन संस्था आधीच करतायत. पिशव्या, लॅपटॉपची कव्हरं, असं काही दाखवता आलं तर माझं काम सोपं होईल."

रात्रीचं जेवण लवकर होई आमच्याकडं. दिवस मावळताना ताटावर बसल्यावर मी हे अण्णांना सांगितलं.

"पिशवी कशी व्हणार घोंगडीची?"

"कापून शिवायची."

"कापायचं न्हाई."

"अण्णा, शेवटी कापडच आहे ते."

"कापड न्हाई. घोंगडी हाय."

"पण का नाही कापायचं? कारण तरी सांगा."

"आपल्यात न्हाई कापत."

एवढंच. त्यांच्याकडून कुठल्याही गोष्टीचं कारण यापेक्षा लांब मला कधी मिळालं नव्हतं. मी तोवर पुष्कळ वाचलं होतं आणि वाचलेल्या माणसाला येतो तसा उतावळेपणा माझ्यात आला होता.

"मग रविवारनंतर सिद्रामकाकांचा खड्डा बुजवताना मी पाटी धरते," मी म्हणाले.

आई नव्हती. ती जतला मावशीच्या नातवाच्या बारशाला गेली होती. ती असती तर तिनं मला तिथंच गप्प केलं असतं. अण्णा तांब्याभर पाणी प्याले आणि उठले.

शनिवारी सकाळी ते लोकर आणायला धनगरवाड्यावर गेले. मी बाहेरच्या थप्पीतल्या घोंगड्या उलगडून पाहिल्या. सगळ्या जाड, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेल्या, वास मारणाऱ्या. त्यांची पिशवी खांद्याला लावून कुणी पुण्यात फिरेल असं मलाच वाटेना. मग मी माळ्यावर चढले. तिथं एक लाकडी पेटी होती. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला, त्याखाली धुतलेलं धोतर, आणि धोतरात गुंडाळलेली एक घोंगडी.

अशी घोंगडी मी आमच्या घरात पाहिली नव्हती. कोकरांच्या पहिल्या कातरणीची काळी लोकर, रंग न दिलेली. सूत इतकं बारीक की बोटाला धागा जाणवत नव्हता. खळ कधीच धुऊन काढलेली. काठाला तीन पांढऱ्या रेघा. अंगावर घेतली तर वजन कळेना. कुणा व्यापाऱ्यानं विणायला सांगून मग न नेलेली असावी, असं मी ठरवून टाकलं. विचारायला घरात कोणी नव्हतं. असतं तरी मी विचारलं असतं का, ते आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

सांगोल्यात मुलाणी मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. त्यांनी घोंगडी टेबलावर पसरली, तिच्यावरून हात फिरवला आणि कात्री बाजूला ठेवली.

"ताई, तुम्ही सणगर गल्लीतल्या ना? म्हाळाप्पांच्या?"

"हो."

"आणि ही कापा म्हणताय?"

"दोन पिशव्या. आत अस्तर लावा, बंद रुंद ठेवा. पाचच्या आत पाहिजेत."

"एकदा आमच्या अब्बांनी तुमच्या वडलांना नुसतं विचारलं होतं, घोंगडीचा काठ सरळ करून देऊ का म्हणून. वर्षभर ते दुकानाची पायरी चढले नाहीत." त्यांनी कात्री उचलून मूठ माझ्याकडं केली. "पहिला काप तुम्ही द्या. मग पुढचं मी बघतो. माझ्या डोक्यावर नको."

मी कात्री घेतली. लोकर सुती कापडासारखी कापली जात नाही, ती पात्यात अडकून ओढली जाते. मला दोन्ही हात लावावे लागले.

रविवारी अकराला वर्तक मॅडम भाड्याच्या जीपमधून आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. खुर्ची मांडली होती, तिच्यावर न बसता त्या आमच्या ओसरीवर घोंगडी अंथरली होती तिथं बसल्या. पाचही विणकर समोर बसले, बायका दाराशी. सगळ्यात म्हातारे बाळाप्पा आजोबा भिंतीला टेकून बसले होते. मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, किती वर्षं विणता, किती विकतात, पोरं काय करतात. सिद्रामकाका म्हणाले, "आमचं काय, आमी उद्या पुण्याला. वॉचमन."

"बाई, ह्यांस्नी कोण नोकरी देतंय त्योच बघायचाय," चंद्राकाकू दारातून म्हणाली. ती त्यांची बायको. "घरचं कुत्रं राखता येईना ह्यांना, पुण्याची सोसायटी राखत्यात!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. सिद्रामकाका हसले नाहीत.

मग नमुने. अण्णांनी आसन आणि पट्टी पुढं ठेवली. मॅडमनी दोन्ही वस्तू नीट पाहिल्या, विणीचं कौतुक केलं आणि वही मिटायला घेतली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. बहुतेक सगळ्यांनाच कळलं, कारण सिद्रामकाका उठायच्या बेतात गुडघ्यावर हात टेकून बसले.

मी आत गेले आणि पिशव्या आणून आसनावर ठेवल्या.

"अरे!" मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक उचलली, गालाला लावली. "हे किती मऊ आहे!"

दुसरी अण्णांनी उचलली. आधी त्यांनी ती नुसती हातात धरली. मग अंगठ्यानं काठाच्या रेघा चाचपल्या. एक, दोन, तीन. पिशवी उलटी करून आतली शिवण पाहिली. बाळाप्पा आजोबा भिंतीपासून पुढं सरकले, पिशवीकडं पाहिलं, मग अण्णांकडं पाहिलं, आणि पुन्हा भिंतीला टेकले.

"हे तुम्हीच विणलंय?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. माझ्याच हातचं हाय."

"किती दिवस लागतात असं विणायला?"

"ह्याला येळ लागला," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याला इतका लागणार न्हाई."

"मला तर कुणीतरी सांगितलं होतं, तुमच्यात घोंगडी कापत नाहीत."

आता सगळ्यांच्या माना अण्णांकडं वळल्या. पाच विणकरांपैकी एकानंही आयुष्यात घोंगडीला कात्री लावली नव्हती. अण्णांनी एक शब्द बोलायचा अवकाश, ते सगळे उठून गेले असते आणि मॅडमची जीप परत फिरली असती.

"कुणी कापली?" त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी नेहमीचा होता.

"मी," मी म्हणाले. "पहिला काप मी दिला. मग मास्तरांनी."

अण्णांनी मान हलवली. मग मॅडमकडं वळून म्हणाले, "तशी कापत न्हाईत. पण घरच्या लेकीनं पयला काप दिला म्हंजी पुढं कुणीबी कापावं. दोष न्हाई त्यात."

सिद्रामकाकांनी गुडघ्यावरचे हात काढले आणि मांडी घालून बसले.

"म्हणजे अशा आणखी होतील?"

"व्हतील. मी हाय, ह्यो सिद्राम हाय. लोकर बारीक कातून घ्यावी लागंल, खळ धुवावी लागंल. व्हतील."

मॅडमनी वही उघडली.

त्या गेल्यावर ओसरीवर चहा झाला. चंद्राकाकूनं सिद्रामकाकांना विचारलं, "मग? पिशवी भरू का सोडू?" आणि ते म्हणाले, "सोड की आता, डोकं खाऊ नगंस." अण्णा त्या गर्दीत नव्हते. मी त्यांना शोधत मागच्या अंगणात गेले. ते चिंचोके भाजायच्या चुलीपाशी बसले होते.

"अण्णा, रागावलात?"

"न्हाई."

"न विचारता घेतली मी."

"झालं ते झालं. काम झालं न्हवं?" मग ते म्हणाले, "मास्तराकडं तुकडं राहिलं असतील. काठाचं बिठाचं. जाशील तवा विचार."

"कशाला?"

"असू दे."

मी विचारलं नाही. चिंध्यांसाठी वाट वाकडी करून कोण जाणार, असं मला वाटलं. संध्याकाळच्या गाडीनं मी सोलापूरला गेले.

अनुदान मिळालं. पिंजणयंत्र आलं, पुण्याच्या प्रदर्शनात गाळा मिळाला, दुसऱ्या वर्षी बंगळूरच्या एका दुकानानं सहाशे पिशव्या सांगितल्या. बुजवलेल्या खड्ड्यांपैकी तीन पुन्हा उकरले गेले. चंद्राकाकू शिवण शिकली, तिच्या हाताखाली गल्लीतल्या सहा बायका बसू लागल्या. नवा गठ्ठा कापायला घेतला की कुणाच्या तरी लेकीला हाक मारायची, तिनं पहिला काप द्यायचा आणि मग काम सुरू, अशी रीतच पडली. बंगळूरची माणसं एकदा त्याचे फोटो काढून घेऊन गेली. मी गावी आले की गल्ली मला अभिमानानं हे सगळं दाखवी, आणि मीही ते अभिमानानं पाही. माझ्याशी अण्णांचं वागणं तसूभर बदललं नाही. ते विणत राहिले.

यंदा माघात, त्या रविवारनंतर अकराव्या वर्षी, अण्णा गेले. पहाटे उठून चूळ भरली, बाजेवर टेकले, आणि गेले. मी सोलापूरहून पोचले तेव्हा दहा वाजले होते. त्यांना ओसरीवर ठेवलं होतं. आईच्या शेजारी चंद्राकाकू बसली होती आणि अंगणात पुरुषांचं हलक्या आवाजात काहीतरी चाललं होतं.

"माझी घोंगडी घ्या, म्हाळाप्पाला घाला," बाळाप्पा आजोबा म्हणत होते. ते आता नव्वदीला आले होते. "मला काय घाई हाय. मी दुसरी विणून घीन कुणाकडनं."

"नगं," आई आतून म्हणाली. "दुसऱ्यासाठी विणलेली नगं."

मी चंद्राकाकूला हळूच विचारलं, कसली घोंगडी.

ती माझ्याकडं पाहत राहिली. "तुला ठावं न्हाई? आपल्यात विणकर माणूस सोताच्या हातची घोंगडी पांघरून जातो. चाळिशी उलटली की विणून ठिवतो एक. अंगावर घ्यायची न्हाई, कुणाला दावायची न्हाई. पेटीत असती."

"तुझ्या बापाची हुती," आई म्हणाली. ती माझ्याकडं पाहत नव्हती, अण्णांकडं पाहत होती. "दोन हिवाळं विणत हुते. मी जतला गेले आन ह्यांनी विकली. पुण्याच्या बाईला लई आवडली म्हणं. आल्यावर पेटी बघते तर रिकामी. किती भांडले मी. दुसरी विणा म्हणून अकरा वर्सं मागं लागले. तर म्हणायचे, ही आर्डर जाऊ दे. मग विणतो."

अकरा वर्षांत त्यांनी जे जे विणलं, ते कापलं गेलं होतं आणि पुण्याला, बंगळूरला गेलं होतं. त्यांच्या हातचं अखंड असं काही घरात उरलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले. "त्यांनी विकली नव्हती. मी नेली होती माळ्यावरून. त्या पहिल्या दोन पिशव्या तिच्याच होत्या."

चंद्राकाकूनं तोंडाला पदर लावला.

"जेवाय वाढताना लागंल असं बोलले मी ह्यांना," आई म्हणाली. "पाव्हण्यांदेखत बोलले. सोताची घोंगडी इकून खाणारा माणूस म्हणून. येकदा तरी तोंड उघडायचं." ती हे मला सांगत होती की त्यांना, ते मला कळलं नाही.

सिद्रामकाका दारात आले. डोळे लाल झाले होते. "वैनी, दादाच्या मागावर ताणा लावलेला हाय. दीड हात त्यांनीच विणलाय, काल सांजपतुर. पुढं आमी विणतो."

"मयत घरात असताना माग चालवणार?" बाळाप्पा आजोबा म्हणाले. "गल्लीत कुणी गेलं तर चौदा दिवस धोटा उचलत न्हाईत. कधी झालंय का असं?"

"कापायचं बी कधी झालं न्हवतं, आजा. दादानं नियम केला तवा झालं."

"कुठला नियम?" मी विचारलं. "लेकीनं पहिला काप द्यायचा तो?"

"असला नियम कुठं हुता, कस्तुरे? दादानं तितल्या तितं बसवला, त्या बाईफुडं. आमा समद्यांना कळलं हुतं. आजाला बी कळलं हुतं. कोण बोललं का?"

बाळाप्पा आजोबांनी काठी जमिनीवर टेकली आणि तोंड दुसरीकडं केलं. "विणा," ते म्हणाले.

सिद्रामकाका अण्णांच्या खड्ड्यात उतरले. मी आत जाऊन त्यांच्यामागं बसले आणि सुताच्या कांड्या भरायला घेतल्या. ते काम मी बारा वर्षांची होईपर्यंत केलं होतं. फणीचा आवाज सुरू झाला तशी बाहेरची कुजबुज थांबली. हाताला घाई झाली की लोकरीचा धागा तुटतो. तो तुटायचा, काका शिव्या द्यायचे, गाठ मारायचे, पुन्हा धोटा टाकायचे. थकले की दुसरा उतरायचा. कोणी माझ्याशी बोललं नाही आणि कोणी मला उठायलाही सांगितलं नाही.

तीन वाजता जतचे पाहुणे आले. चारला जाणती माणसं म्हणू लागली, आता थांबवत नाही. मागावर तीन हात झालं होतं. पुरी घोंगडी सहा हातांची. सिद्रामकाकांनी ताणा सोडवला आणि घामेजल्या हातांनी ते विणलेलं आईपुढं आणून धरलं. चिंचोक्याचा वास सगळ्या ओसरीभर झाला.

अण्णा उंच होते. गळ्यापर्यंत ओढली तर घोट्यापासून खाली पाय उघडे राहत होते. काका ती वर घ्यावी की खाली, अशा संभ्रमात उभे राहिले.

"पाय झाका," आई म्हणाली. "वरनं असू दे उघडं. जल्मभर खड्ड्यात गारठलेत ते पाय."

मी खालचं टोक धरलं आणि आम्ही ती पायांवर ओढून घेतली.